विकायला आणलेलं लुगडं
कोऱ्या लुगड्याच्या खळीचा वास आला की भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यातली ती दुपार आठवते. आम्ही पवनीचे विणकर. मागावरचं लुगडं विकायचं, आपण नेसायचं नाही, ही घरची रीत. आईचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि बिलासाठी विकायला बाबांनी मागावरून नुकतंच उतरवलेलं टसरचं लुगडं पिशवीत आणलं होतं. आईला सुट्टी मिळाली तसे ते बिलाच्या खिडकीशी गेले. "किती झाले बाई?" आतल्या बाई म्हणाल्या, "काही नाही काका, सरकारनं भरलं." बाबांना पटेना. "फुकटात कोणी पोट कापते का?" "फुकट कायचं? साबण घेता, त्यावर कर भरता न तुम्ही? त्यातूनच होते हे." बाबा आईजवळ येऊन बसले, पिशवी चाचपत म्हणाले, "आता हे कुठी विकू?" टाक्यांवर हात दाबून आई हसली. "कुठी नोका विकू. मले द्या." तेच लुगडं सैलसर नेसून ती एसटीत बसली, पदर मांडीवर पसरून. साबणाच्या पावतीवरचा कर बघून मी आता कुरकुरत नाही. कुणाची तरी आई दवाखान्यातून घरी निघाली असेल.