तळहातावरचा घोडा

दीड महिन्यापूर्वी, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ओयुनाच्या मुलाचा फोन आला. "आई सकाळी गेली," एवढंच तो जर्मनमध्ये म्हणाला. मी जर्मनमध्येच नुसती 'हो... हो...' करत राहिले.

ओयुना आमची शेजारीण. जर्मनीत, एर्लांगेनमधल्या आमच्या इमारतीत आमची दारं समोरासमोर. मूळची मंगोलियाची, एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि उरलेल्या वेळात तैलचित्रं काढायची. तिच्या घरात शिरलं की टर्पेंटाइनचा आणि खारट दुधाच्या चहाचा वास एकदमच यायचा. माझी मुलगी ईरा शाळेतून आली की आधी तिच्याकडे पळायची.

एकदा ईरा मुठीत काहीतरी घेऊन आली. उघडून बघते तर मेंढीच्या घोट्याचं हाड! मंगोलियात मुलं त्याच्याशी खेळतात, त्याच्या चार बाजू म्हणजे घोडा, उंट, मेंढी आणि बकरी, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी, जन्मात अंडंही न खाल्लेल्या मला फक्त हाड दिसलं. ते कागदी रुमालात धरून मी परत द्यायला गेले. ओयुनानं रुमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आम्ही गुरं विकून शहरात राहायला आलो, तेव्हा मी एवढं एकच खेळणं बरोबर आणलं होतं," ती हसून म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माफी मागायची राहूनच गेली...

मागच्या हिवाळ्यात तिचं आजारपण निघालं. औषधांनी बोटं बधिर झाली, तरी ब्रश सुटला नव्हता. एका शनिवारी मी सूप घेऊन गेले, तर समोर मोठा कोरा कॅनव्हास. "त्या हाडाचं चित्र काढायचंय. पण टेबलावर ठेवलं की ते मेलेलं दिसतं. कुणीतरी हातात धरायला हवं." हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मी हात पुढे केला.

ते गार लागेल असं वाटलं होतं. तिच्या खिशात राहून कोमट झालं होतं. वर्षानुवर्षं हाताळून गुळगुळीत. "घोडा वर. गेनाऊ, अगदी अस्संच! आता हलू नकोस."

तसे बरेच शनिवार गेले. ती रंगवायची, दमली की लहानपणीची भावाबरोबरची भांडणं सांगायची. एकदा मी म्हटलंच, "ओयुना, त्या दिवशीचा तो रुमाल..."

"हात हलतोय तुझा," ती म्हणाली. ब्रश ठेवून जवळ आली, माझी बोटं हळूच होती तशी करून दिली आणि क्षणभर तशीच धरून ठेवली. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

तिच्या मुलानं ते हाड शवपेटीत तिच्याबरोबर ठेवलं आणि चित्र आमच्याकडे आणून दिलं. मोठ्या निळ्या आभाळाखाली एक तळहात, त्यावर ते खेळणं. परवा पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

"अगं, भिंतीवर ते काय लावलंयस?"

"ओयुनाचं लहानपणीचं खेळणं, आई."

"आणि हात कुणाचा?"

"माझा."

त्या चष्मा वर करून स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या.

"किती जपून धरलंयस गं..."