कोंडलेला जाळ

इगतपुरीकडची ती सकाळ अजूनही माझ्या मनातून जात नाही. नोकरीत यापेक्षा मोठे गुन्हे उघडकीला आणले, पण जुन्या प्रकरणांचा विषय निघाला की मला आधी हेच आठवतं. संबंधितांची नावं मुद्दाम देत नाही.

पावसाळ्याचे दिवस होते. सकाळी आठच्या सुमारास हजेरी चालू असताना ठाण्यात फोन आला. धरणाच्या काठी एका माणसाने पर्यटकांसाठी तंबू आणि गाड्या उभ्या करायची जागा केली होती. फोन त्याचाच होता. "साहेब, गाडीत राहायला आलेलं जोडपं दार उघडत नाही. हाका मारून थकलो."

ती गाडी म्हणजे जुन्या मिनीबसचं केलेलं फिरतं घर. आत पलंग, ओटा, फ्रिज, सगळं. नाशिक रोडचे एक निवृत्त शिक्षक पत्नीला घेऊन त्यातून फिरायला निघाले होते. आम्ही दार तोडलं. खिडक्या गच्च बंद होत्या. सर गेले होते. त्यांच्या पत्नीचा, काकूंचा, श्वास चालू होता. त्यांना लगेच नाशिकला दवाखान्यात हलवलं. ओट्यावर दोन ताटं, उरलेली नागलीची भाकरी आणि एका डब्यात कोळूची भाजी होती. कोळू ही पावसाळ्यात डोंगरावर उगवणारी रानभाजी.

अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचनामा सुरू केला, तोवर सरांचे धाकटे भाऊ आले. डब्याकडे बघूनच ते ओरडले, "यांना रानातलं काहीतरी विषारी खायला घातलंय! आधी त्या बाईला आत टाका." जागेच्या मालकानेही मान डोलावली. जेवण शेजारच्या वस्तीवरच्या एक मावशी देत असत.

मी मावशींना ठाण्यात बोलावून घेतलं. पन्नाशीच्या, हातावर गोंदलेलं, पाऊस लागलेलं लुगडं तसंच अंगावर. महिला अंमलदाराला शेजारी बसवून मी विचारायला सुरुवात केली.

"भाजी कुठून आणली?"

"डोंगरावून. दरसाली आणतो. त्याच टोपातली आमी घरात बी खाल्ली, सायेब. आमाला काय नाय झालं."

"आणखी काय घातलं होतं त्यात?"

"मीठ, मिरची. सायेब, मी भाकरी द्याया गेले तवा सर त्या गाडीला भाईरनं..."

"गाडीचं नको. भाजीचं सांगा."

असं दोनदा झालं. दोन्ही वेळा मी त्यांना तोडलं. माझ्या डोक्यात विष पक्कं बसलं होतं आणि मला हवं असलेलंच उत्तर मी शोधत होतो. मावशी गप्प झाल्या. गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवतो, असा आम्हा पोलिसांचा एक जुना समज आहे. तोही मी करून घेतला. भाजीचे नमुने तपासणीला पाठवले आणि त्यांना बाकावर बसवून ठेवलं.

दुपारी तीन वाजता शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. "पोटातल्या विषासारखं दिसत नाही. अंगावरचे डाग गुलाबी लाल आहेत, कोंडलेल्या जाळाच्या वायूने होतात तसे. त्या बंद गाडीत काही जळत होतं का?"

फोन ठेवला आणि मी मावशींच्या समोर जाऊन बसलो. "मावशी, मघाशी गाडीचं काय सांगत होता?"

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "सर भाईरच्या दोन जाळ्यांवर प्लास्टिक चिकटवीत व्हते. पाऊस आत येतो म्हणले. खालच्या जाळीत मला जाळ दिसला, निळा. मी म्हणलं, सर, चूल अशी कोंडू नका, धूर घरातच फिरंल. तर हसले. म्हणले, मावशी, हा फ्रिज हाय, चूल नाय."

मी तसाच गाडीकडे निघालो. फ्रिज दुरुस्त करणारा एक अनुभवी मेकॅनिक देवळाली कॅम्पहून बोलावला. त्याने बाहेरच्या जाळ्यांवर चिकटवलेलं प्लास्टिक पंचांसमोर सोडवलं आणि समजावून सांगितलं.

"साहेब, हा विजेवरचा नाही. प्रोपेनवर किंवा आपल्या गॅसवर चालतो. मागे सतत बारीक ज्योत जळते आणि तिच्या उष्णतेवर आत गारवा होतो. खालच्या जाळीतून बाहेरची हवा येणार, वरच्या जाळीतून गरम हवा आणि जळालेला वायू बाहेर जाणार. आणि फ्रिजची मागची बाजू राहायच्या खोलीपासून पूर्ण बंद पाहिजे. इथे बघा." फ्रिज आणि कपाट यांच्यामधल्या फटीतून त्याने सबंध पंजा आत घातला. मागे काजळी जमली होती. जाळ्या बंद झाल्यावर ज्योत खोलीतली हवा ओढत राहिली आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू त्याच फटीतून खोलीत भरत गेला. त्याला ना वास, ना रंग.

गाडी तयार करणारा नाशिकचाच होता. पहिल्यांदा तो म्हणाला, "माझं काम चोख आहे. जाळ्या त्यांनी बंद केल्या, मी काय करू?" मी पंचनाम्यातले फोटो पुढे ठेवले.

"घरच्या फ्रिजसारखाच बसवला, साहेब. मागची फट बंद करायची असते हे माहीत नव्हतं."

"सोबत पुस्तिका आली होती ना?"

"इंग्रजीत होती."

"चित्रं होती त्यात. चित्र बघायला कुठली भाषा लागते?"

निष्काळजीपणामुळे मृत्यू, असा त्याच्यावर गुन्हा दाखल झाला.

चौथ्या दिवशी काकू बोलायला लागल्या. "वाऱ्यापावसाने ज्योत सारखी विझायची. माझं इन्सुलिन खराब होईल म्हणून त्यांनी जाळ्या झाकल्या. त्या बाईंनी सांगितलं होतं हो. आम्ही दोघंही हसलो."

मावशींना मी पहिल्याच दिवशी सूर्यास्ताआधी घरी सोडलं होतं. पण ठाण्यात बसवलेली बाई म्हणून गावभर चर्चा झाली. जागेच्या मालकाने त्यांच्याकडून जेवण घेणं बंद केलं. भाजीचा अहवाल निर्दोष आला, तरी असे कागद फाइलमध्येच राहतात. वस्तीपर्यंत कोण नेणार?

म्हणून एके दिवशी भर दुपारी, गणवेशात, मी त्या मालकाला बरोबर घेऊन वस्तीवर गेलो. मावशींना म्हटलं, "चूक माझी झाली. तुम्ही सांगत होता, मी ऐकलं नाही. आज जेवायला आलोय." चुलीपुढे बसून त्यांनी भाकरी थापली. शेजारपाजारचे लोक दारात उभे राहून बघत होते. मी जेवलो, मालकही जेवला. पुढच्या आठवड्यात तंबूंवर पुन्हा त्यांचे डबे जायला लागले.

चौकशी म्हणजे प्रश्न विचारणं, असं मी बरीच वर्षं समजत होतो. ती बाई पहिल्या दहा मिनिटांत मला सगळं प्रकरण उलगडून देत होती आणि मी तिला गप्प करत होतो. सर तर आधीच गेले होते. त्यांना माझ्या ऐकण्याने काही फरक पडला नसता. पण एका निर्दोष बाईला मी दिवसभर बाकावर बसवलं, ते मात्र टळलं असतं.