जायफळाशिवाय

बहिणीनं कूर्गहून आणलेल्या भाजक्या कॉफीबियांच्या दोन पुड्या मी सकाळी पांढऱ्या ताटलीत ओतल्या आणि बघतच राहिले. एका बाजूला अरेबिका, लांबट, पोटावरची रेघ नागमोडी. दुसऱ्या बाजूला रोबस्टा, गोलसर, रेघ सरळ. इतकी वर्षं कॉफी म्हणजे माझ्या लेखी एकच तपकिरी पूड होती.

दोन्ही वेगवेगळ्या दळल्या आणि नुसत्या गरम पाण्यात उतरवल्या. रोबस्टा जिभेवर दणकन बसली. कडू, जाड, करपलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखी. अरेबिका मात्र हलकी, किंचित आंबट, आणि घोट गेल्यावर मागे संत्र्याच्या सालीचा वास. मला एकदम हसूच फुटलं. आमच्या घरात कॉफी म्हणजे आटवलेलं दूध, भरपूर साखर आणि जायफळ. म्हणजे पन्नाशीपर्यंत मी जायफळच पीत आले आणि त्यालाच कॉफी म्हणत आले. आणखी कशाकशाची खरी चव अशी राहून गेली असेल, या विचारानं वाईट वाटायला हवं होतं. पण मला सुटली ती नुसती हाव.

तेवढ्यात आई आली, हातात सवयीनं जायफळ आणि किसणी.

"थांब, आधी नुसती पिऊन बघ," म्हणत मी अरेबिकाचा कप पुढे केला.

तिनं एक घोट घेतला, तोंडात घोळवला, मग कपात वाकून पाहिलं.

"मला जायफळ नको म्हणतेस," ती म्हणाली, "आणि स्वतः मात्र यात काहीतरी घातलंयस."