आईचं बिनमिठाचं जेवण

मी तापट आहे, हे ठाण्यातल्या आमच्या कोळीवाड्यात सगळ्यांना ठाऊक. पण अठ्ठ्याऐंशी साली मी जो राग काढला, त्याची लाज मला अजून वाटते.

तीन महिने झाले तरी आईचं बीपी उतरत नव्हतं. नौपाड्यातले डॉक्टर दर खेपेला कागदावर दोन आकडे लिहायचे, गोळी वाढवायचे आणि मीठ बंद करा म्हणायचे. असंच चाललं तर लकवा मारेल, असंही एकदा बोलले. आजी लकव्यानेच सहा वर्षं खाटेवर होती आणि तिचं सगळं आईने केलेलं.

वहिनी आईचं जेवण वेगळं, बिनमिठाचं शिजवायची. तरी आकडा वरच. मी सरळ तिच्यावर घसरले, चिमूटभर टाकतेसच म्हणून. मिठाची बरणी उचलून तिने माझ्या हातात दिली. मीही कमाल, ती कपाटात कुलपात ठेवली! पुढच्या खेपेला आकडा आणखी वर.

मग मात्र मी हट्टाला पेटले. या दोन आकड्यांचा अर्थ काय, ते डॉक्टरांना विचारलं. बाहेर रांग आहे म्हणाले, तरी नीट कळेपर्यंत खुर्चीवरून उठले नाही. मीठ कुठून तरी पोटात जातच असणार, म्हणून रविवारी वही घेऊन आईजवळ बसले. तिच्या तोंडात जाईल ते सगळं लिहायचं.

दुपारी वहिनीने बिनमिठाचा भात वाढला. आईने आपल्या डब्यातून भाजलेला खारा बांगडा काढला. सुकी मासळी विकणं हा तिचाच धंदा. तो बांगडा तिनेच मिठात मुरवून वाळवलेला. मी म्हटलं, अगं, हे काय? ती शांतपणे म्हणाली, "मीठ नाय, ती मासली हाय."

मी उठले, बरणी वहिनीला परत दिली आणि चुकले म्हणून सांगितलं. तिने ती चुलीजवळच्या फळीवर परत ठेवली.

खारा बंद झाला आणि दोन महिन्यांत आकडा उतरला. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर एक बाई कुरकुरत होती, मीठ सोडलं तरी फरक नाही म्हणून. आईने माझ्याकडे बघितलं. ती बाई तिचं वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक.

"बाय," आई म्हणाली, "माझ्याकडशी खारा नेतेस ना, तो पयला बंद कर."