कणीएवढं हाड

नाशिक रोडला सुलाबाईंची पिठाची गिरणी आहे. गिरणी धडधडत असली की त्यांना गिऱ्हाइकाचं सगळं ऐकू येई. घरात मात्र शेजारी बसून बोललेलंही कळत नसे.

"सोंग आहे सगळं. कामाचं बरं ऐकू येतं!" नणंद अक्काबाई म्हणत.

सोंग नव्हतं. गिरणीत माणसं आवाज चढवून बोलतात, आणि धडधड सुलाबाईंच्या कानांना फारशी पोचत नाही, एवढंच. सुलाबाईंचे यजमान गेणूभाऊ मुळातच हळू बोलणारे. घरात बायकोवर ओरडायची त्यांना लाज वाटे. म्हणून मनातलं काही सांगायचं असलं की ते संध्याकाळी गिरणीत येत. जातं रिकामं फिरवू नये, म्हणून सुलाबाई मूठभर बाजरी टाकत आणि बटण दाबत. दोघांचं निम्मं बोलणं असं पिठाच्या धुक्यात झालं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. पडद्यामागे तीन हाडं: हातोडी, ऐरण आणि खोगिराला पाय ठेवायला असते तशी रिकीब. एक दुसऱ्याला हलवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि आवाज आत पोचतो. "तुमची रिकीब घट्ट बसलीय. ती काढून बारीक दांडी बसवू. पण क्वचित आहे तेही ऐकू येणं जातं."

"केवढं असतं हाड?"

"तांदळाच्या कणीएवढं."

त्या संध्याकाळी बाजरीची मूठ पडली. गेणूभाऊ ओरडले, "आहे तेवढंही गेलं तर? मी बोलू कुणाशी?"

"पिठावर बोटानं लिहा. अक्षर तरी सुधारेल."

ऑपरेशनच्या वेळी उजवा कान बधिर केलेला, डोळे जड. सुलाबाईंना वाटलं, आपण पांढऱ्या सुपात निजलो आहोत आणि कुणीतरी चिमटीनं एकच कणी निवडून काढतंय. पुढे कितीतरी दिवस कान भरल्यासारखा होता. गोंगाट वर्ज्य, म्हणून गिरणी बंद. गेणूभाऊही बंद.

एका सकाळी घरात पीठ चाळताना त्या थबकल्या. चाळणीखाली परातीत पीठ पडत होतं, आणि त्या पडण्याला आवाज होता. दूर कुठेतरी पाऊल न वाजवता कुणी चालावं, तसा. त्या चाळतच राहिल्या. सांगितलं मात्र कुणालाच नाही.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर गिरणी उघडली. संध्याकाळी गेणूभाऊ आले. त्यांनीच मूठभर बाजरी टाकली, बटण दाबलं आणि तोंडाशी हात धरून ओरडणार, तोच सुलाबाईंनी बटण बंद केलं. पट्टा मंदावत मंदावत थांबला. पीठ खाली बसू लागलं.

गेणूभाऊंनी तोंडाशी धरलेला हात खाली घेतला. ते नुसतं कुजबुजले, "येतंय का गं ऐकू?"

"येतंय. ओरडताय कशाला?"

गेणूभाऊंनी आवाज आणखी उतरवला.