रबराला घातलेलं तेल

आमच्या ड्रायव्हरने मोटारीचे नवे रबरी बुश परस्पर विकले आणि गाडीत जुनेच परत बसवले, असं अमरावतीच्या कोर्टात, वकिलांच्या बाररूममध्ये सांगितलं गेलं. ते खोटं होतं. खोटं आहे हे ठाऊक असलेला मी एकटाच, असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो. आज माझं वय ब्याऐंशी आहे. ज्यांच्यापुढे बोलायला हवं होतं त्यांच्यातलं जवळजवळ कोणी उरलेलं नाही. तरी लिहितो.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. वडील अमरावतीला वकिली करत आणि मी नुकतीच सनद घेऊन त्यांच्या हाताखाली लागलो होतो. अकोल्याच्या कोर्टातही त्यांची कामं असत. त्यासाठी त्यांनी एक जुनी विलायती मोटार घेतली होती. ड्रायव्हर बडनेऱ्याचा, चाळिशीतला, कमी बोलणारा. त्याचं कमी बोलणं वडिलांना आवडायचं, मला खुपायचं. गप्प माणूस काहीतरी लपवत असतो असं मला वाटे. तो हत्यारांच्या पेटीला कुलूप लावायचा, तेही मला खटकायचं.

मोटारीचा मागचा भाग पोलादी पाट्यांवर तोललेला असतो. लोखंड लोखंडावर घासू नये म्हणून त्या पाट्यांच्या टोकांच्या भोकांत रबराची जाड कडी बसवतात. तेच बुश. आमचे झिजले होते आणि खड्ड्यात गाडी मागून धाडकन आपटायची. लढाईमुळे रबर मिळणं कठीण. ड्रायव्हर अकोल्याला दोन खेपा घालून नवे बुश घेऊन आला आणि दिवाळीच्या आधी घरीच, फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली, त्याने ते बसवले. जुने त्याने रुमालात बांधून घरी नेले. ते मी खिडकीतून पाहिलं आणि लक्षात ठेवलं.

आपटणं थांबलं, पण गाडी कुरकुरू लागली. कोर्टाच्या आवारात शिरताना तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एक जुने वकील पायरीवरून ओरडले, "काय हो, मोटार आणली का रहाट?" सगळे हसले.

आमचं मूळ घर दर्यापूरकडचं, शेतकऱ्याचं. तिकडे बंडीच्या आसाला वंगण घातल्याशिवाय बैल जुंपत नसत. कुरकुरती बंडी म्हणजे घरात आळशी माणसं, असा गावाचा सरळ हिशोब. आजोबांनी माझ्याकडून कितीदा आसाला वंगण लावून घेतलं होतं. मोटारीच्या इंजिनातून काढलेलं काळं तेलही आम्ही डब्यात साठवून गावी पाठवायचो, बंड्यांसाठी.

मी ड्रायव्हरला म्हटलं, "एवढी कुरकुर होते, तेल काहून नाही घालत?"

"रबराले तेल नाई चालत, धाकले मालक. सडते थे. लयच वाटलं तं पानी मारा."

"पाणी? आसाला पाणी मारलेलं कधी पाहिलं का तू?"

"हे आस नोहे."

एवढंच बोलून तो काच पुसू लागला. मला वाटलं, हा अंग चोरतो. गाडीखाली आडवं व्हायला नको, म्हणून रबराचं निमित्त. तेव्हापासून तो जेवायला गेला की मी डब्यातलं काळं तेल चिंधीने बुशांवर पिळायचो. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. कुरकुर थांबली. वडील ड्रायव्हरला म्हणाले, "आता कशी मुकाट झाली!" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मनातून खूश.

होळीच्या सुमाराला गाडी पुन्हा मागून आपटू लागली, पहिल्यापेक्षा जोरात. वडील चिडले. "नवे बुश चार महिन्यांत जातात? मले येडं समजते का हा?"

तेव्हा मी तोंड उघडलं. जुने बुश रुमालात बांधून नेले हे सांगितलं. अकोल्याच्या दोन खेपा सांगितल्या. पेटीचं कुलूप सांगितलं. एकेक गोष्ट मी कोर्टात पुरावा मांडावा तशी मांडली आणि वडील मान हलवत गेले. मीच शेवटी म्हटलं, "नवे त्यानं विकले असतील. रबराला आज काय मागणी आहे!" मला तेलाची आठवणही झाली नाही. तेलाने काही बिघडतं, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

वडिलांनी मला अकोल्याला पाठवलं. दुकानदार म्हणाला, "नेले ना तुमच्या ड्रायव्हरनं. म्याच देल्ले हातानं." मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो आणि मनात म्हटलं, हाही त्यात सामील आहे. त्याच्याकडूनच बुशांचा दुसरा जोड घेतला, आणि गाडीत जुनेच निघाले तर फिर्यादीत याचंही नाव लिहायचं असं ठरवून परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर आला तेव्हा वडिलांनी त्याला फाटकातच थांबवलं आणि बुश खोलून पाहणार असल्याचं सांगितलं.

"साहेब, खोला. पन माह्यासमोर खोला."

"तू आत आला का बुश बदलून टाकशीन. तिथूनच पाह्य."

तो फाटकाबाहेर उभा राहिला. मी जॅक लावला, चौकटीखाली लाकडी ओंडका सारला, चाक काढलं आणि पाने घेऊन गाडीखाली शिरलो. नट घट्ट होते, हातोडीने पिन सरकवायला तासभर लागला. बुश बाहेर आले ते रबर राहिलेच नव्हते. भाजलेल्या वांग्यासारखे फुगलेले, मऊ, बोट लावलं की काळा लगदा हाताला येत होता. त्याला आमच्या डब्यातल्या तेलाचा वास होता. एकाची आतली कड तेवढी शाबूत होती आणि तिच्यावर कारखान्याची उठावाची अक्षरं होती. मी शेजारचा नवा बुश उचलून पाहिलं. तीच अक्षरं, तोच आकडा.

गाडीखाली उताणा पडल्यापडल्या मला सगळं कळलं. त्या माणसाने नवेच बुश बसवले होते आणि मी ते तेल पाजून कुजवले होते.

वडिलांचे पाय चाकापाशी आले. "काय रे? जुनेच निघाले ना?"

फाटकापासून गाडी पंधरा पावलं असेल. त्याला माझं उत्तर ऐकू जाणार होतं. बाररूममध्ये माझं हसं होईल, दर्यापूरच्या शेतकऱ्याने मोटारीला बंडी समजून वंगण घातलं असं लोक सांगत फिरतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी म्हणालो, "हो."

बाहेर आलो तेव्हा तो माझ्या हातांकडे पाहत होता. कोपरापर्यंत काळे झाले होते. त्याने वडिलांना काहीच म्हटलं नाही, मला म्हणाला, "बरं." आणि सायकल वळवून गेला. कुजके बुश मी परसात खोल पुरले. दोनचार दिवस मोलकरीण तिकडे गेली तरी माझं लक्ष तिच्या पाठीवर असे.

त्याला अमरावतीत पुन्हा कोणी गाडी दिली नाही. वडील खोटं बोलणारे नव्हते, म्हणून बाररूममधलं त्यांचं सांगणं सगळ्यांनी खरं मानलं. तो अकोल्याला गेला. एकदा तिथल्या स्टेशनाबाहेर तो हातगाडीवर सरकी लादताना दिसला. त्याने मला पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो आणि दिवसभर वाटत राहिलं की तो कोर्टात येऊन उभा राहील. तो कधीच आला नाही. वडील त्याला चोर समजूनच गेले.

मागल्या महिन्यात कळलं की त्याची मुलगी अकोल्याला असते आणि बडनेऱ्याच्या जुन्या मोहल्ल्यात त्यांच्या घराला अजून 'रबरचोराचं घर' म्हणतात. मी हे सगळं लिहून तिच्याकडे गेलो. सत्तरीच्या घरातली बाई, ओसरीवर तूर पाखडत होती. मी वाचत होतो तोवर सूप थांबलं नाही.

"हे मले काहून वाचून दाखवता?" ती म्हणाली. "बाबांनी त्याच दिशी घरी येऊन सांगतलं होतं, पोराचे हात तेलानं भरले होते म्हनून. आमाले मालूमच होतं."

"मग त्यांनी वडिलांना का सांगितलं नाही?"

"तुमी 'हो' म्हनल्यावर कोन आयकनार होतं त्यायचं?" तिने सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. "ज्यायले मालूम नाई त्यायले सांगा. नाव घालून सांगा. बाबांचं बी, तुमचं बी."

इथे मी नावं घातलेली नाहीत, कारण वडिलांच्या नावाला हात लावायची हिंमत अजून होत नाही. पण त्याचं आणि माझं नाव घातलेली एक प्रत काल मी बाररूमच्या फलकावर लावून आलो. एका तरुण वकिलाने ती उभ्याउभ्या वाचली आणि मला विचारलं, "आजोबा, हे कोणी लिहिलंय?"

मी त्याला माझं नाव सांगितलं.