कठड्यापासून शेवटच्या बाकापर्यंत

झावळ्यांचा रविवार: जबाबदार कोणी नाही, माझे गुडघे वगळता. पेंटेकॉस्टचा रविवार: जबाबदार, मंडळीचे सचिव. त्यानंतरचा प्रभुभोजनाचा रविवार: जबाबदार, मंडळीचा कारभार पाहणारी पंच कमिटी, एकमताने. हंगामाचा सण: जबाबदार पुन्हा सचिव, आणि त्यांच्या हातातली प्लॅस्टिकची खुर्ची. आगमनकाळाचा दुसरा रविवार: जबाबदार आमचे पाळकसाहेब, स्वतः, व्यासपीठावरून.

तारखा चर्चच्या पंचांगाने दिल्या आहेत. ज्यांनी उत्तर द्यायचे आहे त्यांना हे पंचांग पाठ आहे. विसर पडल्याची सबब चालणार नाही.

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात मी नोकरीचे सारे आयुष्य काढले. रोजनामा लिहिला: कोण हजर, कोण गैरहजर, अर्ज कोणाचा, त्यावर हुकूम काय. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेना. गंगापूर रोडचा उखडलेला पदपथ, बँकेतला ज्येष्ठांसाठी नसलेला बाक, वीजबिलातली चुकीची नोंद, सगळ्यांवर मी पत्रे लिहितो. बायको म्हणते, "कोर्टाने तुम्हाला सोडलं, आता तुम्ही कोर्टाला सोडा की." पत्रांतून मी जे मागत असे ते हक्काचे. मदत मी कोणाकडे मागितली नव्हती. या दोहोंतला फरक मला प्राणापलीकडे महत्त्वाचा वाटे.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि मोठ्या सणांना प्रभुभोजन असते. वेदीपुढे लाकडी कठडा आहे. एकेक ओळ पुढे येते, कठड्याशी गुडघे टेकते, भाकर आणि प्याला घेते, उठते आणि परतते. माझे गुडघे झिजले तेव्हा खाली जाणे जमत होते. वर येणे माझ्या हाती राहिले नव्हते. म्हणून माझी ओळ उठू लागली की मला हटकून फोन येई. मी मोबाईल कानाला लावून बाहेर पडे आणि शेवटच्या गीताला परत येई. असे कित्येक महिने चालले.

त्या वर्षी झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आदला, महिन्याच्या पहिल्या रविवारी आला. आमची ओळ उठली. बायकोने माझ्याकडे न पाहता विचारले, "आज फोन नाही वाटतं आला?"

मी पुढे गेलो. गुडघे टेकले. भाकर घेतली, प्याला घेतला. शेजारचे उठून गेले. मी कठडा धरून जोर केला. कठडा हलला, मी हललो नाही. पुढची ओळ मागे येऊन थांबली. गीत संपले. पाळकसाहेब खाली वाकून हळूच म्हणाले, "काका, झालं. उठा."

"साहेब, मला उठता येत नाही."

मी हे पुटपुटलो होतो. पण त्यांच्या झग्याला माइक लावलेला होता. माझे वाक्य चारही ध्वनिक्षेपकांतून सबंध चर्चभर गेले. आरोपीच्या कठड्यात उभे राहून गुन्हा कबूल करणारी माणसे मी असंख्य पाहिली होती. त्यांच्या मानेवर येणारा घाम त्या दिवशी मला स्वतःच्या मानेवर जाणवला.

बायकांच्या बाजूने एक निवृत्त परिचारिका उठल्या. त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात. त्या माझ्यापुढे येऊन वाकल्या आणि वॉर्डात बोलावे तशा बोलल्या, "हात माझ्या खांद्यावर. नाक पुढे. अहो, पुढे वाका, मी चावत नाही. आता श्वास सोडा आणि या वर." मी वर आलो. "वजन बरंच आहे हो काका," त्या म्हणाल्या, "सगळी पत्रं खिशातच ठेवता का?" कोणीतरी हसले. तेही माइकमधून गेले.

उपासना संपताच मी कोणाला सलाम न करता स्कूटरकडे निघालो. तिथे एक गृहस्थ वाट पाहत होते. मनमाडला रेल्वेत गार्ड होते, आता इथे मुलाकडे राहतात. प्रभुभोजनाच्या वेळी त्यांना दर महिन्याला खोकल्याची उबळ येई आणि ते बाहेर जात, हे मला ठाऊक होते. बाहेर आम्ही दोघेच असू.

"लय बरं केलं," ते म्हणाले.

"काय बरं केलं? शोभा झाली."

"माझा खोकला खोटा हाय, काका. गुडघेच गेलेत. तुमचा फोन?"

"तोही खोटा."

दोघेही हसलो. मग ते डोळे पुसू लागले. प्याल्याला तोंड लावून किती काळ लोटला ते त्यांनी सांगितले. तो आकडा इथे लिहिणार नाही, त्यांचा आहे.

ईस्टरला आम्ही एक ओळ केली: गार्ड, मी, आणि आणखी काही, ज्यांना इतके दिवस कधी चक्कर तर कधी चप्पल आडवी येत होती. सिस्टर मधोमध. ठरले असे की एकट्याने उठायचे नाही. कोपराला कोपर अडकवायचे आणि सिस्टरने "हं" म्हटले की सगळ्यांनी मिळून वर. पहिल्या खेपेला आम्ही निम्मे उठलो आणि निम्मे बसलो. "गाडी सुटली, डबे राहिले," गार्ड म्हणाले. दुसऱ्या खेपेला उठलो.

जे घडले ते नेमके लिहिण्याचा प्रयत्न करतो. न्यायालयात कबुलीनंतर माणूस संपतो. इथे मी कबुली दिली आणि तिथून माझे काहीतरी सुरू झाले. पाठीत बळ आले असे म्हणणार नाही. पाठ तशीच आहे. पण शेजारच्याचे कोपर माझ्या कोपरात असताना मी आयुष्यात प्रथमच अशी प्रार्थना केली जिच्यात कलमे नव्हती, पोटकलमे नव्हती. मला जमत नाही, एवढेच होते तिच्यात. आणि ती ऐकली गेली हे मला तिथल्या तिथे कळत होते, कारण मी वर येत होतो.

ईस्टरनंतर सात आठवड्यांनी, पेंटेकॉस्टला, सचिवांनी मला बाजूला घेतले. उपासना आता मोबाईलवर थेट दिसते. दुबईला, ऑस्ट्रेलियाला गेलेली मुले पाहतात.

"काका, गैरसमज नको. कठड्याजवळचं ते दृश्य जरा बरं दिसत नाही."

"कोणतं दृश्य?"

"ते ओढाओढीचं. वेळही जातो. लोक बघायचं बंद करतात."

"मग प्रभूने काय करायचं? कॅमेरा बघून यायचं?"

"तुमच्या सोयीसाठीच सांगतोय हो."

पुढच्या प्रभुभोजनाला पंच कमिटीचा ठराव वाचून दाखवण्यात आला. ज्येष्ठांनी शेवटच्या दोन बाकांवर बसावे. आशीर्वाद होऊन प्रक्षेपण थांबले की प्याला त्यांच्याकडे आणला जाईल. कारण: सोय. हा शब्द मी नोकरीत पुष्कळ वाचला आहे. ज्याची सोय पाहिली जाते त्याला कधी विचारलेले नसते. मी पत्र दिले, दुसरे दिले, तिसरे दिले. पाळकसाहेब चर्चच्या दारात हात हातात घेऊन म्हणाले, "काका, थोडं सांभाळून घ्या. प्रार्थना करतोय आम्ही." लेखी ओळ एकही नाही.

हंगामाच्या सणाला, पिकांच्या उपकारस्तुतीच्या प्रभुभोजनाला, मी तरीही पुढे निघालो. मधल्या वाटेत सचिव खुर्ची घेऊन उभे होते. "काका, प्लीज. कॅमेरा चालू आहे." मागे वळून पाहिले तर माझ्या ओळीतले कोणी उठले नव्हते. फक्त सिस्टर आल्या. त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत. त्या सचिवांना म्हणाल्या, "बाळा, तुला पहिलं इंजेक्शन मी दिलं होतं, तेव्हाही असाच आडवा आला होतास." चर्च हसले. खुर्ची हलली नाही. आम्ही दोघे परत फिरलो. तेव्हापासून सिस्टरही शेवटच्या बाकावर बसतात.

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशाला उतारा निवडला तो प्रेषिताच्या देहातल्या, प्रार्थनेनेही न निघालेल्या काट्याचा. आपली दुर्बलता जो मान्य करतो त्याच्यातच ख्रिस्ताचे सामर्थ्य उतरते, असे त्यांनी फार सुरेख सांगितले. आवाज भरून आला होता. मोबाईलच्या पडद्यावर जगभरातून बदाम आणि जोडलेले हात येत होते; सचिवांनी नंतर कौतुकाने दाखवले. आम्ही भिंतीला पाठ लावून ऐकत होतो. ते वाक्य कोणत्या पुराव्यावर उभे आहे हे त्या इमारतीत आमच्याइतके कोणाला ठाऊक होते? आणि आशीर्वादानंतर, दिवे निम्मे मालवल्यावर, प्याला आमच्याकडे आला.

गार्ड त्या दिवशी नव्हते. ते आता येत नाहीत. मी घरी गेलो तेव्हा ते खाटेवर उशीला टेकून बसले होते.

"मी मोबाईलवर बघतो," ते म्हणाले. "चांगलं दिसतं. कोण अडकत नाय, कोण पडत नाय."

"आणि प्याला?"

त्यांनी भिंतीकडे पाहिले. "तेवढा दिसतो फक्त."

म्हणून पाळकसाहेब, हे पत्र आता तुमच्या नावे नाही, सर्वांसमोर आहे. दाराशी हात धरून उत्तर नको. कमिटीच्या बंद खोलीत नको. येत्या प्रभुभोजनाला, प्रक्षेपण चालू असताना, उपदेशाच्या त्याच जागेवरून सांगा: ज्याला उठता येत नाही आणि जो तसे म्हणतो, त्याची जागा कठड्याशी आहे की नाही? "होय" म्हणालात तर ठराव त्याच क्षणी मागे घ्या आणि गार्डांना आणायला स्वतः जा. "नाही" म्हणालात तर त्या रविवारचा उपदेश परत घ्या, तोही जाहीरपणे. मी हजर असेन. उत्तर द्या.